प्रवचन, चित्रफीत आणि प्रचार

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमानुसार कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची कसोटी लावता येत नाही. हे बंधन सरकारवर आहे. मतदारावर ते नाही आणि वृत्तपत्रे व वृत्तवाहिन्यांवर तर मुळीच नाही. त्यामुळे अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत उमेदवाराचा धर्म कोणता, तो कोणत्या चर्चमध्ये जातो, तेथील धर्मोपदेशक काय बोलतो, असे प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने पुढे येतातच. ते किती काळ आणि कोणत्या स्वरात चर्चेत राहणार, हे ठरविण्याचा अधिकार मात्र बहुतांशी प्रसारमाध्यमांकडे जातो. हा अधिकार कसा वापरला जातो, याचा अभ्यास करण्यासाठी २००८ सालच्या जेरेमाया राइट प्रकरणाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

या प्रकरणाला पूर्वपीठिका आहे. १९२८ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ हे डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते. ते कॅथलिक होते. हडसन नदीखाली तेव्हा नुकताच खुला झालेला बोगदा थेट रोमपर्यंत नेऊन पोपमहाशयांना अमेरिकेत आणले जाणार आहे, अशा वदंता त्या काळी पसरविण्यात आल्या. आज त्यांचे हसू येते. स्मिथ मात्र हरले. १९६० साली जॉन केनेडी उभे राहिले तेव्हा नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्यासारख्या नामवंत प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने सहकाऱ्यांसह वॉशिंग्टनमध्ये बैठक भरवून कॅथलिक अध्यक्षाविषयी जाहीर शंका घेतल्या. हे पील म्हणजे सकारात्मक विचारांचे सामर्थ्य सांगणारे, आपल्याकडे फूटपाथवरच्या पुस्तकविक्रेत्यांनीही घरोघर पोहोचविलेले लेखकच! टीका झाल्यावर त्यांनी त्या गटातून अंग काढून घेतले. केनेडींनी १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टन येथे प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेत भाषण केले, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि त्या कार्यक्रमाचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण झाले. पुढे त्यांच्याच प्रचारयंत्रणेने ही चित्रफीत ठिकठिकाणी दाखविली. माध्यम नवे होते आणि उमेदवाराने ते आपल्या बाजूने वापरले. २००७ च्या डिसेंबरात मिट रॉम्नी यांनी आपल्या मॉर्मन पंथाविषयी टेक्सासमध्ये जे भाषण केले, ते याच धर्तीचे होते.

बराक ओबामा यांच्यासमोर २००८ साली उभा राहिलेला प्रश्न निराळ्या जातीचा होता. त्यांचा पंथ कोणता, याविषयी तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्यांचे गुरू म्हणता येतील अशा एका व्यक्तीने व्यासपीठावरून उच्चारलेल्या शब्दांविषयी, आणि ते शब्द चित्रफितीवर उपलब्ध होते.

जेरेमाया राइट यांचा जन्म १९४१ चा, फिलाडेल्फियातला. तरुणपणी ते अमेरिकेच्या सैन्यात होते. नौदलाच्या वैद्यकीय विभागात असताना १९६६ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या शुश्रूषेत असलेल्या पथकात राइट होते आणि त्या प्रसंगाचे छायाचित्रही प्रसिद्ध आहे. १९७२ साली ते शिकागोच्या दक्षिण भागातील ट्रिनिटी युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या चर्चचे पास्टर झाले. त्या वेळी चर्चचे सभासद होते ८७. राइट निवृत्त होईतो ही संख्या काही हजारांवर गेली होती. बेकारांना काम, कैद्यांच्या कुटुंबांना आधार, एड्सग्रस्तांची सेवा असे बरेच उपक्रम या चर्चच्या नावावर जमा आहेत. ओबामा १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे जाऊ लागले. त्यांचा विवाह १९९२ साली राइट यांनीच लावला, दोन्ही मुलींचा बाप्तिस्माही त्यांनीच केला. ओबामांच्या २००६ सालच्या पुस्तकाचे शीर्षकदेखील राइट यांच्या एका प्रवचनावरून घेतलेले आहे.

ही सर्व माहिती लपलेली नव्हती, हे येथे आवर्जून नोंदवायला हवे. जानेवारी २००७ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ने राइट यांच्यावर विस्तृत लेख छापला होता. १० फेब्रुवारी २००७ रोजी स्प्रिंगफील्ड येथे ओबामांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा प्रार्थना म्हणण्यासाठी राइट यांना आधी निमंत्रण होते. ते आदल्या रात्री मागे घेण्यात आले, आणि ही बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पुढच्याच महिन्यात दिली. मार्च २००७ मध्ये राइट यांची फॉक्स न्यूज वाहिनीवर खडाजंगी मुलाखतही झाली. म्हणजे पास्टर कडक भाषेत बोलतात, ओबामांना त्यामुळे अडचण होऊ शकते, हे पत्रकारांना वर्षभर ठाऊक होते. तरीही तो वाद पेटला नाही. कारण साधे होते. छापील वर्णन होते, पण दाखवायला दृश्य नव्हते.

दृश्य मिळाले १३ मार्च २००८ रोजी. एबीसी वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमात राइट यांच्या प्रवचनांतील काही तुकडे दाखविण्यात आले. ते कोणी चोरून चित्रित केलेले नव्हते. चर्च आपल्या प्रवचनांच्या ध्वनिचित्रफिती उघडपणे विकत असे, आणि वाहिनीने अशा अनेक प्रवचनांतून ते तुकडे निवडले होते. त्यांतील दोन सर्वाधिक गाजले. एकात ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांना अमेरिकेच्या स्वतःच्या कृत्यांचे फळ म्हटले होते. दुसऱ्यात ईश्वराने अमेरिकेचे कल्याण करावे या सर्वपरिचित प्रार्थनेच्या जागी ईश्वर अमेरिकेला शापच देईल, असा आक्रोश होता. अवघ्या काही सेकंदांची ही वाक्ये पुढील दिवसांत वाहिन्यांवरून इतक्या वेळा फिरविण्यात आली की ती अमेरिकी प्रेक्षकांना तोंडपाठ झाली असतील.

वेळही अशी साधली गेली की विचारू नये. मिसिसिपी राज्यातील प्राथमिक निवडणूक ११ मार्चला आटोपली होती आणि पुढची, पेनसिल्व्हेनियाची, २२ एप्रिलला होती. मध्ये पूर्ण सहा आठवडे मतदान नाही, निकाल नाही, आकडे नाहीत. चोवीस तास चालणाऱ्या वाहिन्यांना एवढी पोकळी परवडत नाही. राइट यांची चित्रफीत त्या पोकळीत नेमकी येऊन बसली. एखाद्या वादाची लांबी त्याच्या महत्त्वावर ठरते, असा वाचकाचा समज असतो. पुष्कळदा ती शेजारी दुसरी बातमी आहे की नाही यावर ठरते.

आता त्या प्रवचनांकडे वळू. पहिले प्रवचन १६ सप्टेंबर २००१ चे, म्हणजे हल्ल्यांनंतरच्या पहिल्याच रविवारचे. त्याचा आधार बायबलमधील १३७ वे स्तोत्र हा होता. जेरुसलेमच्या विध्वंसानंतर बॅबिलोनमध्ये बंदिवान झालेल्या लोकांचा विलाप त्यात आहे, आणि शेवटी शत्रूच्या तान्ह्या मुलांवरही सूड उगविण्याची भयंकर इच्छा. राइट यांचा मुद्दा असा होता की दुःखातून सूडाकडे जाणारी ही वाट ओळखा. सशस्त्र शत्रूच्या द्वेषातून माणूस निःशस्त्र निरपराधांच्या द्वेषापर्यंत कसा पोहोचतो, ते पाहा. गाजलेला तुकडा या प्रवचनाच्या मध्ये आलेल्या एका टिप्पणीतला आहे. ही कल्पना आपण फॉक्स न्यूजवर एडवर्ड पेक या माजी राजदूताच्या तोंडून ऐकली, असे राइट यांनी तेथेच सांगितले होते. हा संदर्भ तुकड्यात नव्हता. प्रवचनाचा शेवट आत्मपरीक्षणाच्या आवाहनाने होतो, तोही नव्हता. दुसरे प्रवचन १३ एप्रिल २००३ चे, इराक युद्ध ऐन भरात असतानाचे. सरकारे बदलतात, खोटे बोलतात, चुकतात, ईश्वर मात्र बदलत नाही, असे त्याचे सूत्र होते. अन्यायी राष्ट्राला ईश्वरी कोपाचा इशारा देणारी ही भाषा कृष्णवर्णीय चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि तिचे मूळ बायबलमधील प्रेषितांच्या वाणीत आहे. आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा एखाद्या दुष्ट राजाच्या तोंडची वाक्ये ज्या आवेशाने म्हणतात, तेवढीच उचलून दाखविली तर बुवांचे काय चित्र उभे राहील, याची कल्पना करून पाहावी.

तथापि संदर्भ दिला की सर्व काही निर्दोष ठरते, असा जो प्रतिवाद काही उदारमतवादी भाष्यकारांनी केला, तोही पुरता खरा नव्हता. एचआयव्हीचा विषाणू सरकारनेच कृष्णवर्णीयांविरुद्ध निर्माण केला, असे विधान २००३ च्या त्याच प्रवचनात आहे. त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही आणि पूर्ण प्रवचन ऐकूनही त्याचा अर्थ पालटत नाही. हा संशय कोठून येतो हे सांगणे मात्र पत्रकाराचे काम होते. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य विभागाने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचारांविना बळावू दिला होता, केवळ निरीक्षणासाठी. राइट यांचे विधान चूक आहे आणि त्यामागचा इतिहास खरा आहे, या दोन्ही गोष्टी एकाच बातमीत मावू शकतात. त्या क्वचितच एकत्र आल्या.

ओबामांनी १४ मार्चला निवेदन काढून त्या वाक्यांचा निषेध केला. चार दिवसांनी, १८ मार्च रोजी, फिलाडेल्फियाच्या राष्ट्रीय राज्यघटना केंद्रात त्यांनी वंशभेदावर सुमारे ३७ मिनिटांचे भाषण केले. राइट यांची वाक्ये चुकीची आणि फूट पाडणारी आहेत, पण त्या माणसाला झिडकारणे म्हणजे कृष्णवर्णीय समाजालाच झिडकारणे होय, असा त्याचा रोख होता. माध्यमांच्या इतिहासात या भाषणाचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. वाहिन्यांनी नेहमीप्रमाणे त्याचे तुकडे केले. पण यूट्यूबवर ते अखंड उपलब्ध होते आणि पहिल्या चोवीस तासांतच दहा लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत ८५ टक्के अमेरिकनांनी भाषणाविषयी निदान थोडेफार ऐकल्याचे सांगितले. ज्या माध्यमाने प्रवचनाचे तुकडे जगभर फिरविले, त्याच माध्यमावर लोक अर्धा तासापेक्षा लांब भाषण शांतपणे पाहतात, हा अनुभव त्या काळी नवा होता. प्रेक्षकाला दोन मिनिटांपलीकडे काही सोसत नाही, हे वृत्तवाहिन्यांचे आवडते गृहीतक त्याने खोटे पाडले.

वाद मात्र थांबला नाही. १६ एप्रिलला फिलाडेल्फियात एबीसी वाहिनीने ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची जाहीर चर्चा घडवून आणली. तिचा जवळजवळ निम्मा वेळ राइट, कोटावरचा झेंड्याचा बिल्ला आणि जुन्या ओळखीपाळखी यांतच गेला. युद्ध, आरोग्य विमा, ढासळू लागलेली अर्थव्यवस्था यांची पाळी नंतर आली. सूत्रसंचालकांवर त्या काळी जी टीका झाली, ती यथायोग्यच होती.

यानंतर राइट स्वतः बोलते झाले. २५ एप्रिलला सार्वजनिक प्रसारणसेवेवर बिल मॉयर्स यांनी त्यांची सविस्तर मुलाखत घेतली. (जॉन्सन यांच्या शुश्रूषेच्या त्या जुन्या छायाचित्रात राइट यांच्या मागे उभे असलेले अध्यक्षांचे वृत्तसचिव म्हणजे हेच मॉयर्स, हा एक विलक्षण योगायोग.) या मुलाखतीत प्रवचनांचे लांब भाग दाखविण्यात आले आणि प्रथमच प्रेक्षकांना एक विचारी, विद्वान धर्मोपदेशक दिसला. तीनच दिवसांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये वेगळेच घडले. हल्ला माझ्यावर नसून कृष्णवर्णीय चर्चवर आहे, असे त्यांनी सांगितले. एड्सविषयीच्या विधानापासून ते मागे हटले नाहीत. लुई फराखान यांची प्रशंसा केली. ओबामा राजकारणी असल्यामुळे राजकारण्यासारखे बोलतात, असेही सुनावले. हे सारे थेट प्रक्षेपित झाले. येथे संदर्भ तोडल्याची तक्रार करायला जागाच उरली नाही. दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिल रोजी, ओबामांनी राइट यांच्याशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. ६ मे रोजी त्यांनी नॉर्थ कॅरोलिना मोठ्या फरकाने जिंकले आणि इंडियाना थोडक्यात गमावले. ३१ मे रोजी त्यांनी ट्रिनिटी चर्चचे सभासदत्वही सोडले. त्याला निमित्त ठरले ते त्याच व्यासपीठावरून एका पाहुण्या धर्मगुरूने क्लिंटन यांची उडविलेली टर.

या काळात दुसऱ्या बाजूला काय चालले होते? रिपब्लिकन उमेदवार जॉन मकेन यांना टेक्सासचे प्रख्यात धर्मोपदेशक जॉन हेगी यांनी २७ फेब्रुवारीला जाहीर पाठिंबा दिला होता. कॅथलिक चर्चविषयी हेगी यांनी केलेल्या विधानांवर थोडी ओरड झाली आणि विरली. हिटलर हा ज्यूंना इस्राएलकडे वळविण्याच्या ईश्वरी योजनेचा भाग होता, अशा आशयाच्या त्यांच्या जुन्या प्रवचनाची ध्वनिफीत मे महिन्यात पुढे आली तेव्हा २२ मे रोजी मकेन यांनी तो पाठिंबा नाकारला. त्याच दिवशी इस्लामविरोधी विधानांमुळे ओहायोच्या रॉड पार्स्ली यांचाही पाठिंबा त्यांनी नाकारला. दोन दिवसांत विषय संपला. दोन्ही प्रकरणे सारखी नव्हती हे मान्य करायला हवे: मकेन हेगींच्या चर्चचे सभासद नव्हते, ओबामा वीस वर्षे राइट यांच्यासमोर बसत होते. पण दोन्हींना मिळालेल्या जागेतील तफावत एवढ्या एका फरकाने उलगडत नाही. गोऱ्या धर्मोपदेशकाचे अतिरेकी शब्द हे त्याचे वैयक्तिक मत मानले गेले आणि कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाचे शब्द उमेदवाराच्या अंतरंगाचा पुरावा ठरले. मकेन यांच्या बाजूने एक नोंद करणे न्याय्य होईल. नॉर्थ कॅरोलिनातील त्यांच्या पक्षशाखेने राइट यांचे चित्र वापरून जाहिरात केली तेव्हा ती मागे घ्यावी, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते.

आपल्याकडे यासंदर्भात कायद्याची चौकट वेगळी आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावाने मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. मुंबईच्या विलेपार्ले मतदारसंघातील डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीचा निकाल याच कलमाखाली उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. तेथे प्रचारसभांतील भाषणे तारखेनिशी न्यायालयासमोर ठेवली गेली आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून त्यांचा अर्थ लावला गेला. त्याला वर्षे लागली, हा दोष खराच. अमेरिकेत मात्र अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या पहिल्या घटनादुरुस्तीमुळे अशा शब्दांचा न्याय करणारे पीठच नाही. तो न्याय स्टुडिओत होतो, आणि साक्ष किती सेकंदांची असावी, हे निर्माता ठरवितो.

स्टुडिओबाहेर पडून केलेल्या चांगल्या पत्रकारितेची उदाहरणेही याच निवडणुकीत सापडतात. जानेवारी २००७ मध्ये 'इनसाइट' या नियतकालिकाने ओबामा लहानपणी इंडोनेशियातील मदरशात शिकल्याची बातमी सोडली आणि फॉक्स न्यूजवर ती उचलली गेली. सीएनएन वाहिनीने आपला वार्ताहर जकार्तातील त्या शाळेत पाठविला. ती सर्व धर्मांची मुले शिकत असलेली साधी सरकारी शाळा निघाली. बातमी खोटी ठरवायला एक विमानतिकीट आणि एक दिवस पुरला. पण धर्म हा विषय समजणारे वार्ताहर त्या सुमारास वृत्तपत्रांतून कमी होत चालले होते. 'डॅलस मॉर्निंग न्यूज'ने आपली नावाजलेली धर्मविषयक पुरवणी २००७ च्या आरंभीच बंद केली होती. राइट प्रकरण हाताळणारे बहुतेक जण राजकीय वार्ताहर होते. त्यांनी प्रवचन हे निवडणुकीतले भाषण समजून ऐकले.

मदरशाची ती अफवा खोडून काढल्यानंतरही मेली नाही. ओबामा मुस्लिम असल्याचे संदेश ई-मेलने फिरत राहिले. जुलै २००८ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाने या अफवांची टर उडविणारे मुखपृष्ठ छापले, तर त्या मुखपृष्ठावरच वाद झाला. ओबामा ख्रिस्ती आहेत, असे उत्तर प्रत्येक वेळी दिले जाई. मुस्लिम असणे हा आरोप कसा होऊ शकतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. तो विचारला १९ ऑक्टोबरला माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी, स्वतः रिपब्लिकन असूनही ओबामांना पाठिंबा देताना. इराकमध्ये धारातीर्थी पडलेल्या एका तरुण मुस्लिम अमेरिकी सैनिकाच्या थडग्याचे छायाचित्र आपण पाहिल्याचे त्यांनी सांगितले. प्यू केंद्राने निवडणुकीनंतर केलेल्या अभ्यासात असे दिसले की मुख्य लढतीच्या काळात एकूण निवडणूक वार्तांकनात धर्माचा वाटा सुमारे ४ टक्केच होता, आणि त्यातही मोठा भाग याच अफवेने व्यापला होता.

राइट प्रकरणाच्या काळात अमेरिकी प्रेक्षकाने ओबामांच्या ख्रिस्ती चर्चची, तेथील व्यासपीठाची आणि पास्टरची दृश्ये महिनोन्‌महिने पाहिली होती. त्याच वर्षी ओबामा मुस्लिम आहेत असे मानणारे प्यूच्या पाहणीत सुमारे १२ टक्के होते. ऑगस्ट २०१० मध्ये, ओबामा अध्यक्ष होऊन दीड वर्ष उलटल्यावर, हे प्रमाण १८ टक्के झाले. त्यांना ख्रिस्ती मानणारे केवळ ३४ टक्के उरले होते. ओबामा मुस्लिम आहेत असे सांगणाऱ्यांना ही माहिती तुम्हाला कोठून मिळाली, असे त्या पाहणीत विचारण्यात आले. त्यांतील ६० टक्क्यांचे उत्तर होते: प्रसारमाध्यमांतून.